‘डाव’ का खपला नाही

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की लपवलं. गिऱ्हाइकाने पंख्याची किंमत तीनदा विचारली की चौथ्यांदा मी त्याला समोरच्या दुकानाचा रस्ता दाखवतो. तरीही कराडजवळच्या मलकापुरात माझं दुकान तीस वर्षं चाललं आहे, कारण मी विकलेला माल बिघडला तर मी स्वतः पाना-पक्कड घेऊन त्याच्या घरी जातो. आणि मी खोटं बोलत नाही. म्हणजे, बोलत नाही असं मी गेल्या डिसेंबरपर्यंत समजत होतो.

दुकानाचं नाव ‘अमीर रेडिओ हाऊस’. अमीर म्हणजे माझे अब्बा. रेडिओ आता कोणी मागत नाही, पण पाटी बदलायला मन होत नाही. पंखे, मिक्सर, गिझर, टीव्ही असा माल ठेवतो.

गेल्या वर्षी रमजान ईद झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात माझी पुतणी सुमैरा एक लाल खोकं घेऊन दुकानात आली. ही माझ्या थोरल्या भावाची, बादशहाभाईंची मुलगी. सांगलीत वाढली, पुण्यात इंजिनिअर झाली, आणि बाकीची पोरं तिकडेच राहिली तरी ही परत सांगलीला आली. तिच्या वर्गात कोयनानगरचा कुणाल नावाचा मुलगा होता. त्याच्या जोडीने तिने टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं यंत्र बनवलं. नाव ठेवलं ‘डाव’. यंत्र सुमैराचं, आतले गेम कुणालचे. कुपवाडला प्लॅस्टिकचा कारखाना असलेल्या शिवतेजने पैसा घातला आणि यंत्राच्या लाल पेट्याही त्यानेच ओतून दिल्या. उंब्रजपासून विट्यापर्यंत चौदा दुकानांत माल पोचला.

माझी छाती फुगली होती. आमच्या घराण्यात आजवर सगळ्यांनी दुसऱ्यांनी बनवलेलं विकलं किंवा दुरुस्त केलं. नवीन काही बनवणारी ही पहिलीच. मी चार खोकी दर्शनी फळीवर लावली आणि येईल त्याला सांगायला लागलो, “आमच्या पोरीनं केलंय.”

लोक म्हणायचे, “लय भारी!” आणि गिझर घेऊन जायचे.

कोणी विचारलंच, “पर चाचा, मोबाईलवर गेम फुकट हायती की, ह्यात येगळं काय?” तर मी विषय बदलायचो. मी तो खेळलोच नव्हतो. पंखा विकायला पंख्याखाली झोपावं लागत नाही, तसं हे, असा माझा हिशोब. आणि खोकं उघडून दाखवायची सोय नव्हती. आमच्याकडचं गिऱ्हाईक आधी प्लॅस्टिकवरून नख फिरवतं. सील फुटलेला माल ते हातात धरत नाही.

त्यासाठीच सांगलीहून प्रत्येक दुकानाला एक जादा यंत्र दिलं होतं. ते दुकानातल्या टीव्हीला जोडून दिवसभर चालू ठेवायचं, येणाऱ्याने हात लावून बघायचं. मी जोडलंही. पहिल्याच दिवशी शाळा सुटल्यावर पोरांचा असा लोंढा आत आला की फ्रीज बघायला आलेलं एक जोडपं दारातूनच मागे फिरलं. दुसऱ्या दिवशी तीच गत. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी वायर उपटली, यंत्र पिशवीत घातलं आणि घरी नेऊन ठेवलं. चार दिवसांनी परत आणू म्हटलं. ते चार दिवस आठ महिने चालले.

आठ महिन्यांत माझ्याकडून तीन ‘डाव’ गेले. त्यातला एक बादशहाभाईंनीच पाठवलेल्या माणसाने नेला.

आता त्या शनिवारच्या मेसेजचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. दर शनिवारी सकाळी सांगलीहून सगळ्या दुकानदारांना मोबाईलवर एक प्रश्न यायचा: ‘या आठवड्यात विक्री न होण्याचं कारण?’ खाली चार पर्याय. एक, किंमत जास्त. दोन, गेम आवडत नाहीत. तीन, यंत्र दिसायला चांगलं नाही. चार, इतर, सविस्तर लिहा.

पहिल्या शनिवारी मी चष्मा लावून बसलो. एक दाबावा, तर ते किंमत उतरवणार आणि माझ्या वाट्याला काही उरणार नाही. तीन दाबावा, तर यंत्राचा आकार सुमैराने ठरवलेला. पोरीच्या कामाला मी नाव ठेवू? चार दाबावा, तर लिहीत बसायला लागणार, आणि लिहायचं म्हटलं तर खरं लिहायला लागणार. राहिला दोन. मी दोन दाबला आणि चहा मागवला.

तेवढ्यात उंब्रजच्या जोतिबाचा फोन आला. तोही ‘डाव’चा दुकानदार, माझा जुना दोस्त.

“नईमभाई, ह्ये काय इचारत्यात? काय टाकू?”

“दोन टाक,” मी म्हटलं.

“दोन कशापायी?”

“आरं टाक की गड्या. त्यानं कुणाचं काय बिघडत न्हाई.”

मग विट्याचा फोन आला, मग इस्लामपूरचा. मी मालकिणीचा चाचा, तेव्हा मला आतलं कळत असणार असं सगळ्यांना वाटायचं. मी सगळ्यांना तेच सांगितलं. तीन-चार आठवड्यांनी फोन यायचे बंद झाले. सगळ्यांच्या बोटाला सवय लागली.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सुमैरा दुकानात आली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. ती नेहमी काउंटरच्या आत येऊन माझ्या खुर्चीवर बसते आणि मला उभं ठेवते. त्या दिवशी बाहेरच्या स्टुलावर बसली.

“चाचा, गुरुवारी बैठक आहे,” ती म्हणाली. “शिवतेजने ठरवलंय. कुणालचे गेम काढून टाकायचे. बाहेरून तयार गेम घ्यायचे, बंदुका-बिंदुकांचे, आणि कुणालने बाजूला व्हायचं.”

“बाजूला म्हंजी?”

“म्हणजे जायचं. शिवतेजचं म्हणणं चुकीचं आहे असंही मला म्हणता येत नाही. आठ महिने चौदा दुकानं एकच सांगतायत. एखादं दुकान चुकेल, चौदाच्या चौदा कशी चुकतील?”

मी फडकं घेतलं आणि पुसलेलाच काउंटर पुसायला लागलो.

“आणि कुणाल काय म्हणतो?”

“तो काय म्हणणार! तो म्हणतो, माझंच चुकलं. त्याने भांडावं असं मला वाटत होतं, पण त्याने पुण्याला नोकरीसाठी अर्ज टाकलाय. ‘घाट’मधले प्रवासी सगळे काढून टाकले त्याने. म्हणतो, लोकांना कंटाळा येत असणार.”

‘घाट’ हा कुणालचा सगळ्यात मोठा गेम. एसटी चालवायची आणि कोयनानगरहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला न्यायची आणि तोच घाट चढून परत आणायची. कुणालचे वडील एसटीचे ड्रायव्हर होते. मागे बसलेले प्रवासी आपसात बोलतात, ड्रायव्हरला बोलतात, उलटी येतेय म्हणून ओरडतात. त्यातल्या म्हातारीचा आवाज कुणालच्या आजीचा, बनाबाईंचा आहे. त्याने खास गावी जाऊन घेतला होता. हे मला सगळं पाठ होतं. खेळलो नव्हतो तरी पाठ होतं, ते का, हे पुढे येईलच.

“चाचा,” सुमैरा म्हणाली, “तुम्ही रोज लोकांना बघता. तुम्ही तरी सांगा. गेम खरंच वाईट आहेत का?”

आता बोलायचं. एवढंच बोलायचं होतं की, बेटा, मला माहीत नाही, मी लोकांना ते कधी दाखवलेच नाहीत. पण समोर स्टुलावर बसलेली पोरगी, आठ महिन्यांत वाळून निम्मी झालेली. ती मला काय म्हणेल, याची मला भीती वाटली.

“लोक तसं म्हणत्यात खरं,” मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि गेली. चहाही घेतला नाही. त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की फडकं भिंतीवर फेकून मारलं. फडक्याचं काय जातंय म्हणा.

दुकान तासभर बंद करून मी घरी गेलो. घर मागच्याच गल्लीत आहे. दारात तीन जोडी चपला होत्या, आणि आतून एसटीचा हॉर्न ऐकू येत होता.

मला पाठ का होतं, त्याचं उत्तर हे. मी जे यंत्र रागाने घरी आणून टाकलं, ते माझ्या बायकोने, जैनबने, आठवडाभरात टीव्हीला जोडलं. आधी एकटी खेळायची. मग शेजारची राजेश्वरी यायला लागली. मग राजेश्वरीची सासू अंबूबाई, जिचे गुडघे गेलेत पण बोटं शाबूत आहेत. दुपारी जेवणं उरकली की बायका आमच्या बाहेरच्या खोलीत बसून एसटी हाकायच्या. मला ते पोरखेळ वाटायचं. गिऱ्हाईक म्हणजे दुकानात येतं ते. घरातल्या बायका म्हणजे घरातल्या बायका. आठ महिने हे माझ्या नाकासमोर चाललं होतं आणि दर शनिवारी मी दोन दाबत होतो.

आत अंबूबाई गाडी चालवत होत्या. जैनब त्यांना रस्ता सांगत होती.

“आवं मामी, डावीकडं घ्या, डावीकडं! समोरनं ट्रक यतोय!”

टीव्हीतली म्हातारी ओरडली, “डायव्हर, माझी कोंबडी पडली खाली!” आणि तिघी खो खो हसल्या. राजेश्वरीने पदराने डोळे पुसले. शंभरदा ऐकलेलं असणार, तरी हसल्या.

मी दारातच उभा राहिलो. जैनबने माझं तोंड बघितलं आणि विचारलं, “काय झालं वं? दुकान सोडून आलायसा?”

आम्ही दोघं घरात आमची हिंदी बोलतो, पण शेजारणी बसलेल्या असल्या की मराठीच. मी सगळं सांगितलं. कुणाल जाणार, गेम काढून टाकणार, चौदा दुकानांनी तसं कळवलंय. दोन नंबरचंही सांगितलं, जरा घाईघाईने.

राजेश्वरीने यंत्र थांबवलं.

“तुमी दोन कशापायी दाबलं?” जैनबने विचारलं.

“मी एकट्यानं न्हाई दाबलं. चौदा जणांनी दाबलं.”

“त्यास्नी कुणी सांगितलं?”

मी चपला काढायला खाली वाकलो.

“कुणी सांगितलं वं?”

“मी!” मी ओरडलो. “मीच सांगितलं! मला काय ठावं, ह्या एका बोटानं एकाद्या पोराचं पोट जाईल म्हून?”

अंबूबाई मला लहानपणापासून ओळखतात. त्यांना माझ्या ओरडण्याचं काही नाही. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “नईम, ती कोंबडीवाली म्हातारी काढून टाकली व्हय रं त्यानं?”

“व्हय मामी.”

“मग त्या गाडीत बसायचं कुणाला?” त्या म्हणाल्या. एवढंच. मला कोणी कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

दुकानात परत गेलो आणि जोतिबाला फोन लावला. विचारलं, तुझं दाखवायचं यंत्र कुठे आहे?

“त्ये व्हय? जावयाला दिलं की दिवाळसणाला. का रं?”

“म्हंजी दुकानात कवाच लावलं न्हाईस?”

“तू लावलंस का?”

विट्याच्याने ते परत सीलबंद करून विकून टाकलं होतं. इस्लामपूरच्याने कपाटात ठेवलं होतं, चोरी होऊ नये म्हणून. संध्याकाळपर्यंत मी तेराही दुकानांना फोन केले. एकाही दुकानात ‘डाव’ चालू नव्हता. कुणालचे गेम आवडले नाहीत असं सांगणारा एकही माणूस निघाला नाही, कारण ते बघितलेला माणूसच निघाला नाही.

गुरुवारी सकाळी जैनबने घरातलं यंत्र कापडी पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. “दावा त्यास्नी,” म्हणाली. मी कराडच्या स्टँडवर सांगलीची गाडी पकडली. आष्टा येईपर्यंत तोंडात शब्द जुळवत होतो. असं सांगू, तसं सांगू, थोडं माझं, थोडं सगळ्यांचं. आष्ट्याच्या पुढे मी जुळवणं सोडलं. जे झालं ते सांगायला जुळवायला कशाला लागतं?

कुपवाडच्या कारखान्यात वर एक लहान खोली होती. टेबलाभोवती शिवतेज, सुमैरा आणि कुणाल. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण चाचाला जा कोण म्हणणार? खुर्ची मिळाली. कुणाल उठून माझ्या पाया पडायला वाकला, तसा मी त्याचा दंड धरून त्याला उभा केला. उंच, काटकुळा पोरगा. दाढी वाढलेली.

भिंतीवर शिवतेजने तक्ता लावला होता. चौदा दुकानांची नावं, आठ महिन्यांचे शनिवार, आणि वरपासून खालपर्यंत एकच आकडा. त्या आकड्यांकडे मला बघवेना.

“माझा कुणावर राग नाही,” शिवतेज सांगत होता. माणूस वाईट नाही; हिशोबी आहे, पण आवाज चढवत नाही. “पण कारण एवढं स्पष्ट दिसत असताना आपण काहीच केलं नाही, तर कारखान्यातल्या लोकांना मी काय सांगू?”

“बरोबर आहे,” कुणाल म्हणाला. “चुकलं माझंच. मी माझ्या आवडीचं करत बसलो.”

“तुझं काय चुकलं ते तुला कुणी सांगितलं?” मी विचारलं. आवाज जरा मोठाच लागला. तिघांनी वळून बघितलं.

मग मी पिशवीतलं यंत्र टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. वायर उपटल्यापासून सगळं. फ्रीज बघायला आलेलं जोडपं, चष्मा, चार पर्याय, एक का नाही, तीन का नाही, चार का नाही. जोतिबाला काय म्हटलं, विट्याला काय म्हटलं, जावयाचा दिवाळसण, सगळं. शेवटी म्हणालो, “त्या तक्त्यावर चौदा दुकानं न्हाईत. त्यो एकच माणूस हाय, चौदा ठिकाणी बसल्याला. त्यो मी.”

शिवतेजने हातातलं पेन खाली ठेवलं. खालून यंत्रांची घरघर येत होती.

“चाचा,” शिवतेज म्हणाला, “म्हणजे आठ महिने मी जे वाचून निर्णय घेत होतो, ते सगळं कचरा?”

“व्हय.”

“आणि तुमचं म्हणणं, गेम चांगले आहेत. खपतील.”

“खपतील का न्हाई, मला ठावं न्हाई,” मी म्हटलं. “आमच्या घरी तीन बायका हसल्या म्हून बाजार हसंल असं मी म्हनत न्हाई. पर न खपायचं खापर ह्या पोराच्या डोक्यावर मी फोडलं, आन त्ये खोटं हुतं. एवढं लिवून घ्या. खाली माझं नाव टाका.”

सुमैरा माझ्याकडे बघत नव्हती. टेबलाच्या कडेवर नख घासत ती म्हणाली, “तो प्रश्न मी लिहिलाय. यंत्र दुकानात चालू आहे का, हे मी एकदाही विचारलं नाही. मला ते विचारायची गरजच वाटली नाही.” मग मान वर करून म्हणाली, “पण चाचा, सोमवारी मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं.”

मी म्हटलं, “घाबरलो, बेटा.” तिचे डोळे भरले, पण रागानेच भरले असावेत. ती उठून खिडकीशी गेली.

कुणाल काय बोलतो याची मी वाट बघत होतो. त्याने मला शिव्या घालायला हव्या होत्या. आठ महिने हा पोरगा आपल्याच कामात खोट शोधत बसला होता, चांगलं होतं ते स्वतःच्या हाताने उपटून टाकत होता, आणि कशासाठी, तर मला चार ओळी लिहायचा कंटाळा. मी शिव्या खायची तयारी करून आलो होतो.

त्याने खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, “चाचा, चाची खरंच हसतात?”

“व्हय रं.”

“कुठं हसतात?”

“कुठं म्हंजी?”

“म्हणजे कुठल्या वळणावर? कोण काय बोलल्यावर?”

मला रडू आलं. चोपन्न वर्षांचा माणूस मी, परक्याच्या ऑफिसात बसून रडलो. डोळे पुसत त्याला सांगितलं, कोंबडी पडल्यावर हसतात. तो जाडा माणूस खिडकी उघडा म्हणतो तेव्हा हसतात. अंबूबाई तर पोफळीच्या थांब्यावर एक बाई पोरगं विसरून उतरते तिथे हसतात आणि मग त्या पोराची काळजी करत बसतात. कुणाल वहीत लिहून घेत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

शिवतेजने तक्त्याकडे एकदा बघितलं आणि तो गुंडाळून ठेवला. म्हणाला, “मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत थांबू. गेम आहेत तेच राहतील, प्रवाशांसकट. पण प्रत्येक दुकानात यंत्र चालू पाहिजे. आणि चाचा, आता मी तुमच्या मेसेजवर विश्वास ठेवणार नाही. दर रविवारी कुणाल स्वतः तुमच्या दुकानात बसेल आणि डोळ्यांनी बघेल.”

“बसू दे,” मी म्हटलं. “चहा माझा.”

सुमैराने मला गाडीवरून स्टँडवर सोडलं. बस लागली तेव्हा म्हणाली, “चाचीला सांगा, रविवारी मीही येते. जेवायला.” मी हो म्हटलं. ‘तुमच्याकडे’ म्हणाली नाही, ‘चाचीला सांगा’ म्हणाली. ते माझ्या लक्षात आलं, आणि ते रास्तच होतं.

रविवारी मी फ्रीज मागे सरकवले आणि दुकानाच्या पुढच्या बाजूला, रस्त्यावरून दिसेल असा, मोठा टीव्ही लावला. पोरं येणार हे ठरलेलंच होतं. यावेळी त्यांच्यासाठी सतरंजी टाकली आणि वाट मोकळी ठेवली. आठ महिन्यांपूर्वी एवढी अक्कल सुचली असती तर काय हवं होतं! जैनब आणि राजेश्वरीने अंबूबाईंना रिक्षातून आणून खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या हातात रिमोट दिला.

सत्तरी ओलांडलेली बाई एसटी हाकतेय म्हटल्यावर रस्त्यावरची माणसं थांबणारच. भाजी घेऊन निघालेल्या बायका थांबल्या. एक निवृत्त ड्रायव्हर थांबले आणि गिअर कुठे टाकायचा यावरून अंबूबाईंशी वाद घालायला लागले. एक बाई मला म्हणाली, “ह्यात गाडी लय हळू चढतीया, बया. आमी हितंच म्हाताऱ्या हुयाचो.” मी कुणालकडे बघितलं. तो मागे, मिक्सरच्या फळीला टेकून उभा होता, आणि असा खुलला होता जसं कोणी त्याला बक्षीसच दिलंय. आठ महिन्यांत त्याच्या गेमला कोणी पहिल्यांदाच खरंखुरं नाव ठेवलं होतं. तो त्या बाईंजवळ गेला आणि विचारलं, “मावशी, कुठल्या चढाला हळू वाटली?”

त्या दिवशी दोन ‘डाव’ गेले. एक त्या ड्रायव्हरसाहेबांनी नेला, नातवासाठी असं म्हणून. दोन म्हणजे काही डोंगर नव्हे. पुढच्या रविवारी एकही जाणार नाही, असंही होईल. पण जे न्यायला आले होते ते काय नेतोय हे बघून नेत होते, आणि जे न घेता गेले तेही काय आवडलं नाही ते तोंडावर सांगून गेले.

दुपारी गर्दी पांगली, सतरंजीवरची पोरं तेवढी उरली. सुमैरा काउंटरच्या आत आली आणि माझ्या खुर्चीवर बसली. मी उभा राहिलो. मला फार बरं वाटलं, पण बोललो नाही, नाहीतर उठली असती.

“चाचा,” ती म्हणाली, “तुम्ही खेळून दाखवा.”

“मला कुठं येतंय?”

“म्हणजे?” कुणालने विचारलं. “एकदाही नाही?”

मी मान हलवली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंबूबाईंनी रिमोट माझ्या हातात दिला.

गाडी सुरू केली. सरळ रस्ता बरा गेला. मागचा जाडा माणूस खिडकी उघडा म्हणाला, मी त्याला “गप बस” म्हटलं, आणि जैनब हसायला लागली. पहिलं वळण आलं. समोरून ट्रक. मी बोट दाबलं, आणि अख्खी एसटी, कोंबडीसकट, कठड्यावरून खाली दरीत. बनाबाईंचा आवाज आला, “आरं मुडद्या, तुला लायसन कुणी दिलं?” दुकान हसून पडलं. सतरंजीवरची पोरं तर लोळायला लागली.

कुणाल घाईघाईने पुढे आला. “सॉरी चाचा. ब्रेक जरा उशिरा लागतो त्यात. माझी चूक आहे, मी आजच दुरुस्त—”

“ए, गप रं,” मी म्हटलं. “ब्रेक चांगला हाय. मीच उशिरा दाबला. चल, परत लाव.”